टक्के नेमके कशाचे?

महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्याच वर्षी तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला आणि २०२१ मध्ये ९९.९५. शंभर टक्के गुण मिळवणारी मुले २०१९ मध्ये अवघी २० होती. २०२० मध्ये ती २४२ झाली आणि २०२१ मध्ये ९५७.

गावे तीच, शाळा त्याच, शिकवणारेही बहुतेक तेच. वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या लाखो मुलांची बुद्धी एका जूनमध्ये उतरली आणि पुढच्या निकालाला चढली, असे कोणीच म्हणणार नाही. २०१९ च्या तुकडीला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बंद झाले होते. शाळेच्या हातातले गुण गेले, तसा निकाल घसरला. त्यावर ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि निकालही वर आला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे २० अशी बेरीज करून गुणपत्रिका छापल्या गेल्या.

तरीही त्या-त्या वर्षी घराघरांत जे बोलले गेले ते तेच होते. ज्याला ९४ टक्के पडले तो हुशार. ज्याला ५८ पडले त्याच्याविषयी आवाज खाली घेऊन बोलणे. पालकांनी सर्वांत आधी ही सवय सोडायला हवी, कारण पुढचे अनेक निर्णय, म्हणजे शाखा, क्लास, शाळा बदलणे, ‘याला झेपेल का’ हा प्रश्न, सगळे या एका आकड्यावरून घेतले जातात. हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी पाहायला हवे.

दहावीच्या विषयात साधारणपणे ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले असतात. लेखी ८० मध्ये काय मोजले जाते? नेमलेल्या पुस्तकातले किती लक्षात आहे, प्रश्न वाचून तो कशाबद्दल आहे हे कळते का, ठरलेल्या वेळात ते नीट अक्षरात मांडता येते का, आणि त्या दिवशी अंगात ताप होता का. शाळेच्या २० गुणांत वह्या पूर्ण असणे, प्रकल्प वेळेवर देणे, तोंडी परीक्षेत न घाबरणे आणि शाळेचे धोरण हे सगळे मिसळलेले असते. या सगळ्याच गोष्टी कामाच्या आहेत. बुद्धी त्यांत आहेच, पण तिच्या शेजारी बरेच काही आहे.

तपासणाऱ्याचा हातही त्यात असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी ती तपासून परत केली. उत्तरपत्रिका एकच, पण गुण ६४ पासून ९८ पर्यंत. निबंध, पत्र, रसग्रहण तपासणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. आदर्श उत्तरसूची आणि नियामक यांची व्यवस्था मंडळाने केली आहे ती हा फरक आवरण्यासाठीच. तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून ८१ आणि ८४ या दोन आकड्यांवरून दोन बहिणींची तुलना करण्यात काही अर्थ नसतो.

बुद्धी मोजण्याची कल्पना मुळात कुठून आली, हे पाहिले की गोंधळ बराच निवळतो. १९०४ मध्ये फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सगळ्या थरांतली मुले शाळेत येऊ लागली होती आणि त्यांतल्या कोणाला वेगळ्या मदतीची गरज आहे हे शोधायचे होते. आल्फ्रेड बिने आणि डॉक्टर थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये त्यासाठी तीस छोट्या कृतींची मोजपट्टी तयार केली. पेटत्या काडीकडे नजर वळते का इथपासून सुरुवात, मग वस्तूंची नावे, ऐकलेले आकडे परत म्हणणे, आणि पुढे अधिकाधिक अवघड. शिक्षकाच्या मतावर मुलाला ‘मंद’ ठरवले जाऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे शाळेतल्या शेऱ्याला पर्याय म्हणून ही चाचणी जन्मली. बुद्धी जन्मजात ठरलेली असते आणि ती वाढत नाही, या मताला बिनेंनी १९०९ मधल्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला होता. १९११ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यांकाची कल्पना मांडली, १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी अमेरिकेत तिचा प्रसार केला, आणि मदतीसाठी केलेले साधन माणसांची प्रतवारी लावायला वापरले जाऊ लागले.

मराठी मुलांपर्यंत ही चाचणी लवकर आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत’ हे नाव आजही रुग्णालयांतल्या अहवालांवर दिसते. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतल्या वेक्सलर चाचणीला भारतीय रूप दिले. तीही अजून वापरात आहे. दोन्ही कामे कष्टाची आणि मोलाची आहेत. पण अशा चाचणीचा आकडा त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना करून काढलेला असतो, आणि ती ‘इतर मुले’ कोणत्या काळातली हे महत्त्वाचे ठरते. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात चाचण्यांतली सरासरी कामगिरी जवळजवळ १४ गुणांनी वाढली होती. जुन्या मानकांवर मोजले, तर आजचे मूल उगाचच वर दिसू शकते. अहवाल हाती आला की चाचणी कोणती आणि तिची मानके कधीची, हे विचारायला संकोच वाटू नये.

मग शाळेतले गुण आणि बुद्धी यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. इंग्लंडमधल्या ७० हजारांहून अधिक मुलांची ११ व्या वर्षी बौद्धिक क्षमता चाचणी घेतली होती आणि १६ व्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय परीक्षा दिली. इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन्ही आकडे जुळवून पाहिले, तेव्हा सर्व विषयांच्या एकत्रित कामगिरीशी सहसंबंध ०.८१ इतका निघाला. हा फार मोठा आकडा आहे. पण राष्ट्रीय परीक्षा बाजूला ठेवून शाळेने दिलेले गुण घेतले, की चित्र बदलते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जगभरातल्या २४० नमुन्यांतल्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा सहसंबंध ०.५४ आला. सोप्या भाषेत सांगायचे, तर मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो त्याचा साधारण तीस टक्के भाग बुद्ध्यांकाशी जुळतो. उरलेल्या सत्तर टक्क्यांत अभ्यासाची सवय, शिकवणाऱ्याचे कौशल्य, घरची स्थिती, आवड, भाषा, झोप, तब्येत आणि तपासनीस हे सगळे येतात. अमेरिकेत अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी आठवीच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीवरून अधिक चांगला बांधता आला. २००५ मधला हा अभ्यास लहान होता, पण शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाशी तो जुळतो.

‘अमुक मोठा माणूस दहावी नापास होता’ हे वाक्य निकालाच्या दिवशी फार फिरते. हेतू चांगला असतो, पण त्याने मुलाचे काही भले होत नाही. शाळा सोडून मोठे झालेल्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात; शाळा सुटली म्हणून मागे पडलेल्यांची कोणी मोजत नाही. गुणांना अर्थच नाही असे मुलाला सांगणे खोटे आहे, आणि मुलांना ते खोटे कळते. खरे सांगायचे ते इतकेच, की या आकड्याने अमुक एक गोष्ट मोजली, आणि अमुक गोष्टी मोजल्याच नाहीत.

न मोजलेल्या गोष्टींचे सर्वांत बोलके उदाहरण बाजारात सापडते. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या पाच मुलांकडून गिऱ्हाईक बनून माल घेतला. तोंडी हिशेब ९८ टक्के बरोबर आले. त्याच मुलांना तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत घातले, तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. पाचच मुले होती, म्हणून बरेच जण साशंक होते. पण अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दिलेल्या नोटेतून परत किती, असे हिशेब ही मुले कागद-पेन्सिलीशिवाय करत होती. शाळेच्या पुस्तकातला सोपा भागाकार मात्र त्यांतल्या अनेकांना अडला. अभ्यासाची दुसरी बाजू शाळेतल्या मुलांची होती, आणि पालकांनी ती अधिक लक्षपूर्वक वाचावी. वहीतली गणिते ती मुले करत होती, पण बाजारातला व्यवहार समोर आला की चाचपडत होती. म्हणजे गणितातले ८५ गुणसुद्धा ‘याला गणित येते’ याची पुरती हमी देत नाहीत. घरी तपासायला सोपे आहे. आठवड्याची भाजी आणायला मुलाला सोबत न्यावे आणि हिशेब त्याच्याकडे द्यावा, दर आठवड्याला, घाई न करता.

दुसरे उदाहरण अस्वस्थ करणारे आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कोणी उच्चारली नाही, तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांत काही फरक दिसला नाही. सुरुवातीलाच सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तशीच होती, मुलांच्या डोक्यातही काही कमी-जास्त झाले नव्हते. २००६ मध्ये हा अभ्यास आला. वर्गात ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या, भर वर्गात गुण वाचून दाखवलेल्या, वस्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघताना तो आठवायला हवा. असे आपल्या मुलाच्या वर्गात होत असेल, तर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. तोंडी तक्रार विरून जाते.

भाषेचेही तसेच. मेळघाटातल्या कोरकू घरातून किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या पाड्यातून आलेल्या मुलाला पहिलीत जे पुस्तक मिळते त्याची मराठी ही त्याच्यासाठी जवळपास परकी भाषा असते. शहरात हाच प्रकार उलटा दिसतो. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तिसरीच्या गणितातले शाब्दिक उदाहरण सुटत नाही कारण त्यातले एक क्रियापद कळलेले नाही. असे उदाहरण पालकांनी आपल्या बोलीत मोठ्याने सांगून पाहावे. मूल लगेच उत्तर देत असेल, तर अडचण गणिताची नाही. त्याला जादा गणिताच्या क्लासला घालणे म्हणजे पैसा आणि संध्याकाळ दोन्ही वाया घालवणे.

शिष्यवृत्ती परीक्षेविषयीही बोलायला हवे, कारण तिथे ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा चक्क एक विषय आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते; प्रथम भाषा, गणित, इंग्रजी यांच्या जोडीला बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, गटात न बसणारे पद. बाजारात त्याचे मार्गदर्शक मिळतात, सरावसंच मिळतात, शाळा जादा तास घेतात. सरावाने मुलांचे गुण वाढतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. तेव्हा ज्याचा सराव झाला त्याचे आणि ज्याने असे प्रश्न परीक्षेतच पहिल्यांदा पाहिले त्याचे गुण शेजारी ठेवून बुद्धीची तुलना होत नाही. ही परीक्षा द्यायला हरकत नाही. नवे प्रश्नप्रकार हाताळल्याने मुलांना मजा येते आणि धीटपणा वाढतो. आठवीतल्या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत तर बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन वेगळे पेपर असतात. शाळेत शिकलेले एक आणि तर्काने सोडवायचे दुसरे, हा भेद परीक्षा घेणाऱ्यांनीच मान्य केला आहे. दोन्ही पेपरांतल्या गुणांत मोठी तफावत असेल, तर ती मुलाविषयी बेरजेपेक्षा जास्त सांगते. तर्कात चांगले आणि शालेय भागात कमी, म्हणजे शिकवण्यात किंवा वाचनात कुठेतरी गळती आहे.

पुण्यात आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा बुद्धिमान मुले निवडण्यासाठी शाळेच्या गुणांवर विसंबून न राहता वेगळ्या मानसशास्त्रीय चाचण्या वापरण्याचा मार्ग धरला. त्या कामामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची मांडणी होती, जिच्यात बुद्धीचे अनेक वेगळे घटक मानले जातात. पण कोणत्याही चाचणीच्या निवडीतून काही निसटतेच, हेही ध्यानात असावे. टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाची सुमारे दीड हजार मुले निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. गटातल्या अनेकांनी उत्तम कामगिरी केली. पण त्याच चाळणीत कमी गुण पडून बाहेर राहिलेल्या दोन मुलांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले: विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये.

आता प्रत्यक्ष करायचे काय, ते. घटक चाचणी किंवा सहामाहीचा निकाल लागला की नजर आधी उत्तरपत्रिकेवर जावी, गुण मागाहून पाहावेत. शाळा उत्तरपत्रिका पाहायला देतात; देत नसतील तर मागावी. मग मुलासोबत बसून, रागावण्याचा दिवस टळू देऊन, गेलेला एकेक गुण कशामुळे गेला ते लिहून काढावे. आलेच नाही, की येत होते पण लिहिता आले नाही? प्रश्नच कळला नाही? वेळ पुरला नाही? की वजाबाकीचे चिन्ह उतरवताना राहिले? समजा, वर्गात तिघांना गणितात ५२ पडले आहेत. एकाला अपूर्णांक पाचवीपासून कळलेले नाहीत, दुसरीचे सगळे बरोबर आहे पण शेवटचे तीन प्रश्न सोडवायचे राहिले, तिसऱ्याला शाब्दिक उदाहरणे वाचताच येत नाहीत. पहिल्याला पाचवीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागेल, दुसरीला घड्याळ लावून सराव हवा, तिसऱ्याच्या वाचनाकडे बघायला हवे. तिघांनाही एकाच क्लासला घातले, तर फार तर एकाला उपयोग होईल.

पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचा रकाना असतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा त्यावर बरीच आशा होती, आणि ती योग्यच होती. पुष्कळ ठिकाणी मात्र तिथे छापील वाक्ये उतरतात: ‘सूचनांचे पालन करतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’. पालकसभेत शिक्षकांना एकच नेमका प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात याला काय नव्याने येऊ लागले, आणि काय अजून अडते? चांगल्या शिक्षकाकडे याचे उत्तर तयार असते, फक्त ते कोणी विचारत नाही.

दहावीच्या टक्केवारीबाबत एक गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही लक्षात येत नाही. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणजे सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरला जात नाही. समजा, एका मुलीचे गुण असे आहेत: मराठी ८८, संस्कृत ९७, इंग्रजी ८६, गणित ६१, विज्ञान ७९, सामाजिक शास्त्रे ९१. पाच विषयांची टक्केवारी ८८.२० होते आणि घरात विज्ञान शाखा ठरून जाते. पण गणित त्या आकड्यात आलेलेच नाही. गणिताच्या ६१ मध्ये अंतर्गत १९ असतील, तर लेखीत ८० पैकी ४२ आहेत. अकरावी विज्ञानाला आणि त्यापुढच्या प्रवेश परीक्षांना लागणार ते नेमके हेच ४२. तिच्या भाषा मात्र नव्वदीच्या आसपास आहेत, आणि त्या बळावर कायदा, भाषाशास्त्र, पत्रकारिता, इतिहास असे कितीतरी रस्ते मोकळे आहेत. तिला विज्ञानच हवे असेल, तर ते जरूर घ्यावे. पण जून-जुलैत बीजगणित आणि भूमिती पायापासून पक्के करून मगच. टक्केवारी बाजूला ठेवून सहाही विषयांचे लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे मांडले, तर हे सगळे पाच मिनिटांत दिसते.

एखाद्या विषयाचे गुण अगदीच अनपेक्षित वाटले, तर मंडळाची व्यवस्था आहे: गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत आल्यावर ती विषयशिक्षकांना दाखवूनच पुढचे ठरवावे. दोन-चार गुणांसाठी हा खटाटोप सहसा करू नये.

निकालाच्या दिवशी येणारे फोन हाही एक भाग आहे. ‘किती पडले?’ या प्रश्नाला मुलासमोर काय उत्तर दिले जाते ते त्याच्या मनात राहते. ‘आमचा हुशारच आहे’ हे कौतुकही तितकेसे निरुपद्रवी नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवले, की हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुले पुढच्या अवघड कामात अपयश आल्यावर लवकर हिरमुसली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली अधिक टिकून राहिली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचा परिणाम लहानच दिसला आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. पण ‘भूमितीची प्रमेये तू रोज लिहून काढलीस, ते दिसतंय’ हे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत आणि ते खरे असते.

बुद्धिमत्ता चाचणी करून घ्यावी का, हा प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात. केवळ कुतूहल म्हणून करू नये. मूल कष्ट घेऊनही वाचनात, लेखनात किंवा गणितात सतत मागे पडत असेल, बोलण्यातून समज दिसते पण कागदावर काहीच उतरत नसेल, किंवा उलट वर्गात कंटाळून त्रास देत असेल, तर करावी. आधी डोळे आणि कान तपासावेत. फळा नीट न दिसणारी मुले ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे राहतात. चाचणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्यावी, मुलाला ज्या भाषेत मोकळेपणाने बोलता येते त्या भाषेत. अहवालात उपचाचण्यांचे निकाल वेगवेगळे मागावेत. एकच आकडा हातात घेऊन घरी येऊ नये. त्या आकड्याला पाच-सहा गुणांची मागेपुढे सूट असतेच. आणि तो आकडा मुलाला, भावंडांना, नातेवाइकांना सांगू नये.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या चाचण्या काही शाळांच्या सभागृहांत आणि शिबिरांत विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने स्पष्ट केले आहे. ठसे गर्भातच ठरतात. मूल काय शिकले आणि काय शिकेल, याचा त्यांच्याशी संबंध नाही. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाने डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्गही तसेच. हजारो रुपये त्यात घालण्याऐवजी चष्मा आणि गोष्टीची पुस्तके घ्यावीत.

अध्ययन अक्षमतेची मुले हा गुण आणि बुद्धी वेगळे असल्याचा रोज डोळ्यांसमोर असलेला पुरावा आहे. त्यांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने फार मागे राहते. शाळकरी मुलांत हे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते सहा. महाराष्ट्राने १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता स्पष्टपणे समाविष्ट झाली. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक तपासतात. बुद्ध्यांक आणि शैक्षणिक चाचणी दोन्ही होतात. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळते, कारण त्याआधी मूल वाचनात नुसते उशिरा पुढे येत असण्याचीही शक्यता असते. शंका आली तर मात्र पहिली-दुसरीतच शिक्षकांशी बोलून घ्यावे आणि मदत सुरू करावी. त्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

दहावीत जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक किंवा गणकयंत्र, भाषा विषयांतली सूट अशा सवलती मिळतात, पण त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावा लागतो. रुग्णालयात तपासणीसाठी रांग असते आणि एका भेटीत काम होत नाही. म्हणून दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा नववीच्या सुरुवातीलाच नाव नोंदवावे. जाताना मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके, मुलाच्या हस्ताक्षरातल्या वह्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका, डोळे आणि कान तपासल्याचे कागद आणि वर्गशिक्षकांचे पत्र सोबत न्यावे.